रोसुवास्टॅटिन 10 मिलिग्रॅम, अकरा महिने : गोळीला भ्याले आणि काढ्यानं गाठलं

आधी आकडे. गेल्या जूनमध्ये एकूण कोलेस्टेरॉल 262, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 176, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) 240, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 68 (लॅबची मर्यादा 40) आणि सोनोग्राफीत ‘ग्रेड 2 फॅटी लिव्हर’. वय 53, वजन 74 किलो. दारूचा थेंब कधी घेतलेला नाही, तरी लिव्हरवर चरबी. वडिलांना अठ्ठावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आलेला, म्हणून डॉक्टरांनी लगेच रोसुवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुरू केली.

माझा पहिला प्रश्न तोच, सगळ्यांचा असतो तो: लिव्हर आधीच बिघडलंय, त्यात ही गोळी कशी चालेल? डॉक्टर म्हणाले, फॅटी लिव्हर असलं तरी स्टॅटिन (रोसुवास्टॅटिन ज्यातली, तो औषधांचा गट) देतात, कारण अशा माणसाला लिव्हरइतकाच हृदयाचाही धोका असतो. गोळी काम करते तीही लिव्हरमध्येच. तिथं कोलेस्टेरॉल कमी तयार झालं, की लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. एसजीपीटी मर्यादेच्या तिप्पट झाला तर विचार करू, थोडा वरखाली झाला तर घाबरायचं नाही.

सहा आठवड्यांनी एलडीएल 98. मी खूश. पण एसजीपीटी 79! डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून नुसती मान हलवली. माझी झोप मात्र उडाली. त्यात वन्सं आल्या होत्या. “वहिनी, त्या गोळ्यांनी लिव्हर जातं. हा काढा घ्या, नैसर्गिक आहे.” बाटलीवर घटकांची नावं होती, प्रमाण कुठेच नव्हतं. डॉक्टरांना न विचारता मी गोळी बंद केली आणि पाच आठवडे सकाळ-संध्याकाळ काढा घेतला. शाळेत पोरांना ‘प्रश्न विचारा’ म्हणून शिकवणारी मी!

मग भूक मेली, मळमळ सुरू झाली. रक्त तपासलं तर एसजीपीटी 146, एलडीएल पुन्हा 169. बिलिरुबिन ठीक होतं, कावीळ नव्हती, एवढंच नशीब. काविळीच्या इतर तपासण्याही निगेटिव्ह आल्या. डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त ‘बाटली घेऊन या’ म्हणाले. काढ्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण तो बंद करून महिन्याभरात एसजीपीटी 70 वर उतरला, तेव्हा मला काय समजायचं ते समजलं. आणि ‘नैसर्गिक’चं म्हणाल तर पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना 1970च्या दशकात बुरशीतच सापडलं होतं. फरक एवढाच, की गोळीत काय आणि किती आहे ते पाकिटावर छापलेलं असतं.

गोळी पुन्हा सुरू केली ती आजतागायत. आताचे आकडे: एकूण 162, एलडीएल 91, ट्रायग्लिसराइड्स 150, एसजीपीटी 41.

यातला एसजीपीटी गोळीनं उतरवला असं मी म्हणणार नाही. ते काम वजनानं केलं: 74 वरून 68.5. मी तेल मोजत बसले होते, पण खरी गडबड चहात होती. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. आणि उपवास! चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, प्रत्येक वेळी ताटभर साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचा कीस. म्हणजे उपवासालाच पिष्ट सगळ्यात जास्त. आता उपवासाला भगर, तीही वाटीभर, ताक आणि काकडी. कंदी पेढा पाहुण्यांसोबत अर्धा. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं पाऊण तास चढउतार.

गोळीचा त्रास? दुसऱ्या महिन्यात पोटऱ्या दुखल्या. सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलं, दुखणं आपोआप थांबलं. कदाचित ते चढणीचंच असेल. एचबीए1सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) 5.7चं 5.8 झालंय, त्यावर डॉक्टरांचं लक्ष आहे. रोसुवास्टॅटिन दिवसा घेतली तरी चालते, म्हणून मी सकाळच्या चहासोबत घेते, विसरायला होत नाही. डोस दुप्पट करून एलडीएल आणखी खाली आणावं का, हेही विचारलं. दुप्पट डोसनं जेमतेम सहा टक्के जास्त उतरतं, त्यापेक्षा चालणं वाढवा, असं उत्तर मिळालं.

वन्सं अजून काढा घेतात. त्यांना रक्त तपासून घ्या म्हटलं तर म्हणतात, “मला काय झालंय?” माझी पुढची तपासणी नोव्हेंबरात, दिवाळीनंतर. लेक म्हणते फराळाच्या आधी कर. मी नंतरच करणार आहे.