उताराच्या अंगणाला गॅबियन भिंत: पावसाळ्यानंतरचा अनुभव आणि कापडावरून झालेलं भांडण

गॅबियन म्हणजे जाळीच्या पेट्यांत दगड भरून केलेली भिंत. ती कशी असते हे वेगळं सांगत नाही, घाटातून जाताना सगळ्यांनी पाहिलेली असते. आमची भिंत होळीनंतर झाली आणि तिने एक अख्खा पावसाळा काढला. जुलैअखेर लिहायला बसले असते तर ‘या वाटेला जाऊच नका’ म्हटलं असतं. आता दिवाळी झाल्यावर तसं म्हणत नाही, पण एका गोष्टीवरून डोकं अजून तापतं. ती पुढे सांगते.

घर नाशिकमध्ये म्हसरूळला, गजपंथच्या बाजूला. प्लॉट उताराचा. आधीच्या मालकाने खालच्या अंगाला नऊ इंची विटांची भिंत उभारली होती आणि आत काळी माती, डेब्रिज लोटून अंगण सपाट केलं होतं. पाणी निघायला भिंतीत एक भोक नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि त्यात मागे पाणी तुंबलेलं. लोकांना मातीच्या वजनाची भीती वाटते, पण खरी भीती पाण्याची. दोन मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ साठलं तर लांबीच्या दर मीटरला नुसत्या पाण्याचा रेटा 2000 किलो होतो. त्याच जागी कोरडा मुरूम असेल तर साधारण 1200. उंची दुप्पट केली की रेटा चौपट. आमच्या विटांच्या भिंतीने पोट काढलं होतं. खालच्या शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन पडायच्या आत ती उतरवून घेतली.

आरसीसीचं कोटेशन ऐकून आम्ही तो विषय सोडला. गॅबियन घेतलं कारण पाणी तिच्या सगळ्या अंगातून निथळतं, भोकं बुजण्याची भानगड नाही. शिवाय पाया जरा बसला तरी ती तडकत नाही, थोडी वाकून सावरते. जुन्या पायातून निघालेला काळा डबर त्यातच जिरवला, तेवढीच बचत. बाकीचा दगड सारूळच्या खाणीतून आला. खालचा थर दीड मीटर रुंद, वरचा एक मीटर, आणि सगळी भिंत मातीकडे किंचित कललेली. तार 2.7 मिलिमीटरची, जस्ताचा थर दिलेली. जागा खाते हे मात्र खरं. छोट्या प्लॉटवाल्यांनी आधी टेप लावून बघावी.

दगड भरताना समोर उभं राहा. दर्शनी बाजूचे दगड हाताने, एकमेकांत अडकवून बसवायचे असतात आणि जाळीच्या भोकापेक्षा लहान दगड चालत नाही. पेटी एक तृतीयांश भरली की पुढची आणि मागची जाळी आडव्या तारांनी एकमेकींना बांधायची, दोन तृतीयांशला पुन्हा. कोपऱ्यातल्या पेटीत ठेकेदाराच्या माणसांनी या तारा न बांधताच जेसीबीने दगड ओतला. ती पेटी आज माठासारखी फुगलेली दिसते. पडणार नाही, पण गेटमधून आत येताना पहिली नजर तिच्यावरच जाते.

आता कापड. भिंतीच्या पाठीला, दगड आणि भराव यांच्या मध्ये जिओटेक्सटाइल लावतात. ते पाणी सोडतं आणि माती धरून ठेवतं. दगडांच्या फटींतून पाणी जातं तशी मातीही जाते, म्हणून ते हवंच. आमच्या कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: नॉन-वोव्हन (न विणलेलं), 200 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम. बिलातही ते लागलं, आम्ही पैसे दिले.

जूनमध्ये मी खूश होते. भिंत सरळ, पाणी खाली निथळतंय. मग जुलैच्या शेवटी ती झड लागली. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला पूर, पाणी किती चढलं हे ज्याच्यावरून ठरवतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं काय झालं ते बघायला लोक पुलावर जमलेले. भिंतीच्या पायथ्यातून मात्र चहासारखं गढूळ पाणी येत होतं. दोन-तीन दिवसांत भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक खचले. मी एक उचलून पाहिला तर खाली पोकळी, हात कोपरापर्यंत आत गेला. ठेकेदाराला फोन केला. म्हणाला, “ताई, नवीन भराव आहे, बसणारच. पाऊस थांबला की दोन पाट्या मुरूम टाकून देतो.” मी म्हटलं, “भराव बसला असता तर पायथ्याला माती आली नसती. खणू या.” सासरेही माझ्याच बाजूने उभे राहिले. खणलं. कापडाचा एक धागासुद्धा नव्हता.

त्यावर त्याचं उत्तर काय, तर “घाटात बघा ना, कुठे दिसतं कापड?” अहो, ते मागच्या बाजूला असतं, दिसेल कसं? सगळ्या कामात सगळ्यात किरकोळ खर्च कापडाचा, आणि तेच गाळलं. लाखांच्या कामात ज्याने एवढीशी बचत केली, त्याने बाकी कुठे कुठे केली असेल हा विचार झोप लागू देत नाही. बरेच दिवस फोन झाले. शेवटी कोटेशन आणि बिल दोन्ही समोर ठेवल्यावर तो मजुरी द्यायला तयार झाला. कापड आणि मुरूम आम्ही आणला.

उघडीप मिळाल्यावर भिंतीमागे पायापर्यंत चर खणला. कापड भिंतीच्या पाठीला लावलं, जोडावर फूटभर एकावर एक घेतलं. काळी माती परत टाकली नाही. मुरूम नऊ-नऊ इंचाच्या थरांनी, पाणी मारून, धुमसाने ठोकून भरला आणि वर कापड दुमडून घेतलं. कापड उन्हात उघडं ठेवू नका, खराब होतं. लावायच्या आधी मी एका तुकड्यावर तांब्याभर गढूळ पाणी ओतून पाहिलं. खाली जवळजवळ नितळ पाणी आलं आणि गाळ वर लोण्यासारखा राहिला.

नंतर सप्टेंबरचा पाऊस झाला, गणपतीतही झोडपलं. पायथ्याचं पाणी स्वच्छ. पेव्हर जागच्या जागी. खालच्या शेजारच्या काकू आधी रोज येऊन विचारायच्या, आता त्यांनी आपल्या बाजूने भिंतीला लागून अळू लावलाय, निथळणाऱ्या पाण्यावर जोमाने वाढतोय. भिंतीबद्दल माझी तक्रार उरलेली नाही. तक्रार आहे ती खचलेल्या पेव्हरच्या पैशांची. ते अजून आलेले नाहीत आणि मी ते सोडणार नाही.

कापड सुटं मिळालं नाही, गरजेपेक्षा बरंच जास्त घ्यावं लागलं. त्याचा चांगला मोठा तुकडा सावलीत गुंडाळून ठेवलाय. पंचवटी, म्हसरूळ, आडगाव बाजूला कोणी अशी भिंत बांधत असेल तर घेऊन जा. पैसे नकोत.