सांगलीतील छतावरील सौर संच : सेवेविषयी अभिप्राय

सांगलीत छतावर सौर संच बसवून देणारे व्यावसायिक अनेक आहेत आणि पॅनेल व इन्व्हर्टर बहुतेकांकडे त्याच मोजक्या कंपन्यांचे असतात. तरीही विश्रामबागेतील ज्या संस्थेकडून आम्ही ३ किलोवॅटचा संच घेतला, ती उजवी ठरली ती ज्ञानामुळे. दर सांगण्याआधी त्यांच्या तंत्रज्ञ ताईंनी वर्षभराची वीजबिले तपासली, पाण्याच्या टाकीची सावली हिवाळ्यात कुठवर येईल हे गच्चीवर खडूने आखून दाखवले आणि एका पॅनेलवरील सावली त्याच्याशी एकापाठोपाठ (मालिकेत) जोडलेल्या इतर पॅनेलचीही वीजनिर्मिती कशी खाली आणू शकते, हे समजावून सांगितले. सांगलीच्या अक्षांशानुसार सुमारे १७ अंशांचा दक्षिणाभिमुख कल ठेवला. पॅनेलचे तापमान २५ अंशांपुढे गेले की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते, म्हणून खालून वारा खेळेल इतकी उंचीही दिली. अनुदान आणि महावितरणच्या नेट मीटरची (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरची) कागदोपत्री कामे त्यांनीच पार पाडली.

दर थोडा चढा आहे, परंतु हे ज्ञान प्रतिस्पर्ध्याला घाऊक बाजारात विकत मिळणारे नाही. उणीव एकच : उसाचे पाचट जाळण्याच्या हंगामात काचेवर काजळी बसते, तेव्हा पॅनेल कधी व कसे धुवावेत, याचे वेळापत्रक ग्राहकाला लेखी मिळायला हवे.