आयएलपी, टीएलपी की सूट? अमेरिकेत जलविद्युतचं लायसन्स काढताना

भारतात जलविद्युतचं काम केलेला इंजिनिअर अमेरिकेत येतो तेव्हा 25 मेगावॅटची रेघ त्याच्या डोक्यात पक्की बसलेली असते. आपल्याकडच्या 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाच्या) अधिसूचनेत त्याखालच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. इथे तसं नाही. जुन्या धरणावरचा दोन मेगावॅटचा प्रकल्पही बहुतेक वेळा जलविद्युतला लायसन्स देणाऱ्या फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनच्या दारात जातोच. प्रश्न उरतो तो कुठल्या दारानं जायचं एवढाच.

लायसन्सची मुख्य दारं दोन. आयएलपी, म्हणजे एकात्मिक प्रक्रिया, 2005 पासून आपोआप लागू होते. टीएलपी ही जुनी, पारंपरिक प्रक्रिया. ती हवी असेल तर कमिशनची परवानगी मागावी लागते. तिसरी एएलपी, म्हणजे पर्यायी प्रक्रिया. तिच्यात सगळ्या पक्षांनी आधीच एकत्र काम करायला तयार असावं लागतं. अशी एकी असेल तर उत्तम, पण ती गृहीत धरून कोणी वेळापत्रक आखू नये.

आयएलपी आणि टीएलपी यांच्यातला खरा भेद दिसतो अभ्यासांच्या मागण्यांत. समजा धरण आणि पॉवरहाउस यांच्यामध्ये नदीचा अर्धा मैल उन्हाळ्यात जवळजवळ कोरडा पडतो. राज्याचा मत्स्य विभाग म्हणतो, तिथे किती पाणी सोडलं तर मासे जगतील ते मोजा. आयएलपीत ही मागणी अर्ज करण्याच्या बरीच आधी येते आणि ती सात निकषांवर मांडावी लागते: उद्देश काय, आजवर कुठली माहिती उपलब्ध आहे, प्रकल्प चालवण्याशी संबंध काय, पद्धत कोणती, खर्च किती वगैरे. कंपनी आपला आराखडा देते, बैठका होतात, हरकती येतात आणि मग कमिशन लेखी ठरवतं की हा अभ्यास करायचा की नाही. त्यानंतर नवी मागणी करणाऱ्याला ठोस कारण द्यावं लागतं.

टीएलपीत सुरुवातीला कमिशनचे लोक जवळजवळ नसतातच. तुम्ही, राज्याचे विभाग, आदिवासी राष्ट्रं आणि गावकरी आपसात बोलता, अभ्यास करता, अर्जाचा मसुदा 90 दिवस सगळ्यांना वाचायला देता. अंतिम अर्ज दाखल झाल्यावरही 60 दिवसांत कोणी नव्या अभ्यासाची मागणी करू शकतं. त्या अर्ध्या मैलाचं मोजमाप तेव्हा निघालं आणि कमिशनला ते पटलं, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा. सल्लागार टीएलपी स्वस्त म्हणतात ते सुरुवातीच्या बिलांपुरतं खरं असतं. हे वर्ष त्या हिशेबात धरलेलं नसतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. नदीत स्थलांतर करणारे मासे असतील, धरणाला फिश लॅडर (माशांना धरण ओलांडायची पायऱ्यांची वाट) नसेल किंवा नदीकाठी भांडण पेटलेलं असेल, तर आयएलपीच घ्या, कितीही कागद लागले तरी. उलट जुना, शांत प्रकल्प, भरपूर माहिती हाताशी आणि राज्याच्या विभागांशी वर्षानुवर्षांचे संबंध असतील, तर टीएलपी चांगली चालते. परवानगी देताना कमिशनही वादाची शक्यता, गुंतागुंत, खर्च आणि उपलब्ध माहितीच पाहतं.

लहान मालकांना सगळ्यात जास्त मोह पडतो तो लायसन्समधून सूट मिळवण्याचा. आधीच उभ्या धरणावर 10 मेगावॅटपर्यंतच्या प्रकल्पाला ती मिळू शकते आणि तिला मुदत नसते. लायसन्स मात्र 30 ते 50 वर्षांचं. पण सुटीत मत्स्य आणि वन्यजीव विभागांनी घातलेल्या अटी जशाच्या तशा पाळाव्या लागतात. वीज आणि मासे यांची तुलना करून कमिशन त्या सौम्य करत नाही. शिवाय लायसन्सबरोबर येणारा भूसंपादनाचा अधिकार सुटीत नाही. जमिनीचे हक्क आधी हातात हवेत. बंधाऱ्याखालची जागा शेजाऱ्याची असेल, तर हा रस्ता तिथेच संपतो. पाणीपुरवठ्याच्या किंवा सिंचनाच्या पाइपमध्ये टर्बाइन बसवायचं असेल तर गोष्ट वेगळी: 2018 पासून 40 मेगावॅटपर्यंतच्या पात्र प्रकल्पाला लायसन्सच लागत नाही, फक्त आधी सूचना द्यावी लागते.

कुठलीही प्रक्रिया निवडा, लायसन्ससाठी स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम 401 खालचं राज्याचं प्रमाणपत्र चुकत नाही. राज्याला त्यासाठी जास्तीत जास्त एक वर्ष मिळतं. तोच अर्ज मागे घेऊन पुन्हा देत ही मुदत लांबवण्याचा प्रकार क्लॅमथ नदीच्या प्रकरणात 2019 मध्ये न्यायालयानं अमान्य केला.

आता तारखा. लायसन्स 30 जून 2032 ला संपत असेल, तर नूतनीकरणाची सूचना 2026 च्या डिसेंबरअखेरीपासून 30 जून 2027 पर्यंत द्यायची आणि अर्ज 30 जून 2030 च्या आत. टीएलपीची विनंतीही त्या सूचनेसोबतच जाते, त्यामुळे मत्स्य विभागाशी पहिलं बोलणं त्याआधीच्या उन्हाळ्यात, नदीत पाणी कमी असताना, धरणावरच करा.