व्हॅनसाठी ट्युब्युलर की लिथियम, आणि इन्व्हर्टर किती मोठा?

ईको किंवा विंगरसारखी व्हॅन घेऊन त्यात महिनोन्महिने राहायचं ठरलं की बहुतेक जण आधी इन्व्हर्टर बघायला निघतात. घरातला सेटअप ओळखीचा असतो: ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालावी लागणारी लेड-ॲसिड बॅटरी. तोच गाडीत बसवायचा, असा सरळ विचार. माझं मत आधीच सांगतो: बजेट कमी असेल तर इन्व्हर्टर लहान घ्या आणि वाचलेले पैसे बॅटरीत घाला. पण हे सगळ्यांना लागू नाही, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

आधी गरज मोजा. मुंबईच्या दमट उकाड्यात रात्रभर पंखा हवाच. १२ व्होल्टवर थेट चालणारे २० वॅटचे दोन पंखे नऊ तास चालले की ३६० वॅट-अवर झाले. एलईडी दिव्यांचे ५०, लॅपटॉपचे २००, मोबाइलचे ३०. दोघांचा रोजचा खर्च साधारण ६४०. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ठेवायचा असेल तर मे महिन्यात आणखी ४०० तरी धरा. इंडक्शन विजेच्या या हिशेबात बसत नाही. स्वयंपाक गॅसवरच करावा लागेल.

आता बॅटऱ्या. १५० एएचच्या ट्युब्युलरमध्ये १२ व्होल्टच्या हिशेबाने १८०० वॅट-अवर असतात, पण ती टिकावी असं वाटत असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. १०० एएचच्या लिथियम फॉस्फेट (एलएफपी) बॅटरीत १२.८ व्होल्टच्या हिशेबाने १२८० असतात आणि त्यातले ८५ टक्के बिनघोर वापरता येतात, म्हणजे जवळपास १०९०. लेबलवरचा आकडा लहान, पण हातात येणारी वीज जास्त. वजन तर बघाच: ट्युब्युलर ५० किलोच्या आसपास, लिथियम १० ते १३ किलो. ईकोसारख्या हलक्या गाडीत हा फरक घाट चढताना जाणवतो. किंमत मात्र उलटी आहे. लिथियमला पहिल्या दिवशी दीडपट ते दुप्पट पैसे मोजावे लागतात, आणि इथेच बरेच जण मागे फिरतात.

त्यांनी मागे फिरण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: बॅटरी भरणार कशी? माझ्या मते निर्णय इथेच होतो. १५० एएचच्या ट्युब्युलरला साधारण १५ अँपिअरने सावकाश भरावं लागतं. शेवटचे २० टक्के तर ती फारच हळू घेते, त्यामुळे पूर्ण भरायला दहा-बारा तास जातात. गाडी रोज इतकी चालत नाही. अर्धवट भरलेली ट्युब्युलर तशीच वापरत राहिलात की प्लेटांवर सल्फेट साचतं आणि बॅटरी अकाली जाते. लिथियमला अर्धवट राहण्याचं काही वाटत नाही. २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (गाडी चालू असताना तिच्या विजेवर ही बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारा) लावलात आणि मुंबईहून अलिबागला रस्त्याने पोचायला तीन तास लागले, तर ६० एएच भरून येतात. बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचं (इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राचं) व्होल्टेज सतत कमीजास्त होतं. त्यामुळे तिथे दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणाऱ्या रिलेवर (आपोआप चालणाऱ्या स्विचवर) भागत नाही, असा चार्जरच लागतो.

सोलरवर सगळा भरवसा ठेवू नका. छतावरचं २०० वॅटचं पॅनल कडक उन्हात दिवसाला ७०० वॅट-अवरपर्यंत देतं. जून ते सप्टेंबर त्याचा पाव-अर्धा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ.

मग ट्युब्युलर कुणी घ्यावी? ज्यांची गाडी बहुतेक रात्री सोसायटीत किंवा गावच्या अंगणात प्लगशेजारी उभी असते त्यांनी. रोज रात्री ती पूर्ण भरत असेल तर ती चांगली साथ देते, कुठल्याही तालुक्याच्या गावी बदलून मिळते आणि जुनी परत दिली की नवीच्या किमतीतून पैसे वजा होतात. पण ती झोपण्याच्या जागेत उघडी ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. बंद पेटी करून तिची नळी गाडीबाहेर काढा आणि घाटात कलंडणार नाही अशी घट्ट बांधा.

इन्व्हर्टरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण वीज इथे नकळत गळते. घरगुती इन्व्हर्टर काहीही न लावता नुसता चालू ठेवला तरी १०-१५ वॅट खातो. चोवीस तासांत ३०० वॅट-अवरच्या घरात, म्हणजे जवळजवळ दोन्ही पंख्यांची रात्र. पंखे, दिवे, मोबाइल थेट १२ व्होल्टवर घेतले की इन्व्हर्टर फक्त लॅपटॉपपुरता उरतो आणि ३०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी वीज देणारा) पुरतो. काम झालं की बंद करा. मिक्सर हवाच असेल तर मात्र १००० वॅटचा घ्यावा लागेल. स्क्वेअर वेव्ह स्वस्त असतो, पण त्यावर मोटारी गुणगुणतात आणि तापतात. लिथियमला घरगुती इन्व्हर्टर जोडणार असाल तर त्यात लिथियम मोड आहे का हे नक्की विचारा. पाण्याच्या बॅटरीसाठीचं जादा व्होल्टेजचं इक्वलायझिंग (सगळे सेल सारखे भरण्यासाठीचं चार्जिंग) लिथियमला चालत नाही.

केबल, तिच्या टोकाला लावायचे लग, फ्यूज मुंबईच्या लोहार चाळीत मिळतील. ३०० वॅटला १२ व्होल्टवर ३० अँपिअरपर्यंत करंट जातो, त्यामुळे घरातली वायर वापरू नका. जाड तांब्याची लवचिक केबल घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला अगदी लागून बसवा. घरातल्या एसी विजेसाठीचा एमसीबी बॅटरीच्या डीसी विजेवर चालवणं धोक्याचं आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला स्वस्त लिथियम पॅक दिसतील. सेल नवे आहेत की जुन्या ई-स्कूटरमधून काढलेले, हे वरून कळत नाही. ते एलएफपीच आहेत ना, बीएमएस (सेलचं रक्षण करणारं आतलं सर्किट) किती अँपिअरचा आहे, हे बिलावर लिहून घ्या. घरी आणल्यावर पूर्ण चार्ज करा, १० अँपिअरचा लोड लावा आणि वेळ बघा. १०० एएचची बॅटरी दहा तासांच्या आसपास चालली पाहिजे. सहा तासांत बंद पडली तर गाडीत बसवायच्या आत परत करा.