७०० रुपयांची बडगी, एक महिना वापरून झाल्यावर

सव्वा महिना पुण्याला लेकाकडे राहून आले. सूनबाईची रजा संपली होती, नात लहान, त्यामुळे दसऱ्यानंतर गेले ते थेट चंपाषष्ठीच्या चार दिवस आधी ट्रॅव्हल्सनं जळगावला परत. नातीची आठवण येतेच, ते सोडा, पण घरी येऊन स्वतःचा ओटा, स्वतःची विळी, आणि पलंगाखाली अर्धवट राहिलेली गोधडी बघितली तेव्हा कुठे बरं वाटलं. बॅग उघडायच्या आधी पहिल्यांदा सुईत दोरा ओवला. शेजारीण अमळनेरकडची, ती कठड्यावरून ओरडली, "काय वं माय, कव्हय उनी?" म्हटलं, आत्ताच, आणि चहा ठेव.

तर बडगी, म्हणजे भाजलेली वांगी ठेचायचं लाकडी भांडं, का घेतली ते सांगते. पुण्यात लेकानं मोबाईलवरून वांगी मागवली, आली ती काळी चकचकीत, आत नुसत्या बिया. गॅसवर जाळी ठेवून भाजली, सोलली आणि सूनबाईनं झटपट व्हावं म्हणून मिक्सरला एक फिरकी दिली. झालं. चटणीसारखं चोपडं, राखाडी, बिया फुटलेल्या. आमच्याकडे चातुर्मास धरला की चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य झाल्याशिवाय वांगं तोंडात घालत नाहीत म्हणून मी काही चाखलं नाही, पण चाखायची गरजच नव्हती, लेकाचं तोंड बघूनच कळलं. बिचारा गपचूप पोळीशी खात होता. तेव्हाच ठरवलं होतं की घरी गेल्यावर पहिलं काम बडगी. सासूबाईंची होती ती वाळवीनं खाल्ली, नंतर इतकी वर्षं मी स्टीलच्या पातेल्यात वाटीच्या बुडानं ठेचून भागवत होते.

मी घेतली ती लांबट, होडीसारखी कोरलेली, सोबत एक छोटं मुसळ. बाजारात रस्त्याच्या कडेला लाकडी सामान मांडून बसतात ना, पोळपाट, लाटणी, रवी, तिथे मिळाली. ८५० सांगितले, ७०० ला दिली. विकणारा म्हणे सागाची आहे, सागाची बिलकुल नाही, मला आंब्याचं लाकूड वाटतं, पण कोरीव काम साफ आहे, आतून कुठे कुसळ लागत नाही. वजन मात्र चांगलंच, रद्दीवाल्याच्या काट्यावर मुसळासकट पावणेसहा किलो भरली. आमचे हे म्हणाले, घरात दोन माणसं आणि ही काय लग्नाची आणली का. एका वेळी दोन किलो वांगी आरामात ठेचली जातात, म्हणजे दोघांसाठी मोठीच आहे, ते मी मान्य करते, छोटी विचारायला पाहिजे होती.

पहिला दिवस वाया गेला. विकणारा म्हणाला होता, "धुवा आणि लागा वापरायला". धुतली, लागले वापरायला, आणि भरीताला लाकडाचा वास, वर तपकिरी पाणी सुटलं ते वेगळंच. शेजारणीनं सांगितलं की अगं नवं लाकूड आधी तेल पितं. मग तीन दिवस रोज रात्री शेंगदाण्याचं तेल आतून बाहेरून चोळून सावलीत ठेवली, चौथ्या दिवशी जाडं मीठ आणि कांदा ठेचून टाकून दिला, त्यानंतर वास गेला. हे दुकानदारानं सांगायला हवं होतं ना? एक चूक माझीपण आहे, धुऊन गच्चीवर उन्हात पालथी घातली. आपल्याकडचं ऊन डिसेंबरातही काय असतं ते माहीत असून. संध्याकाळी बघते तर काठाला केसाएवढी चीर. हे फेविकॉल घेऊन आले, म्हटलं खाण्याच्या भांड्यात फेविकॉल? ठेवा तो. चीर अजून तेवढीच आहे, वाढली नाही.

आता खरं काम. चंपाषष्ठीला दिरांनी आसोद्याहून वांगी पाठवली, ती हिरवी, पांढरट रेघांची, हातात मावणार नाहीत अशी, बिया अगदी कमी. आपल्या जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते उगाच नाही. सोबत तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, भारा. वांग्याला दोन-चार ठिकाणी टोचे मारून तेलाचं बोट फिरवलं (टोचे मारले नाहीत तर फुटतं आणि सगळा गर राखेत), गच्चीवर तुराट्या पेटवून भाजली, घटकाभर झाकून ठेवली, मग सोलली. सोललेली वांगी पाण्यात धुणारे लोक मी पाहिलेत, धुराची चव नळावाटे घालवायची असेल तर खुशाल धुवा.

बडगीत आधी भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचलं, मग वरून वांगी. आणि इथे फरक कळतो बघा. मुसळानं मारलं की गर दबतो, पसरतो, पण त्याचे धागे धागेच राहतात, बिया अख्ख्या राहतात, आणि लाकूड वरचं पाणी थोडं ओढून घेतं म्हणून भरीत पातळ होत नाही. पातेल्यात ठेचताना वांगं सारखं निसटतं, शिवाय टणटण आवाज, इथे धप्प धप्प असा मऊ आवाज येतो. नंतर तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, त्यात हे भरीत, वर कोथिंबीर. टमाटा नाही. सोबत कळण्याची भाकरी, आमच्याकडे चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे उडीद आणि मीठ घालून दळून आणतात. नैवेद्य दाखवला आणि जवळपास पाच महिन्यांनी पहिला घास घेतला, ह्यांनी तिसरी भाकरी मागितली आणि बडगीच्या आकारावरून परत काही बोलले नाहीत.

पण एक सांगते, पुढच्या वेळेस तुराट्या संपल्या म्हणून गॅसवर भाजली तर भरीत नुसतं ठीक झालं. पोत तोच, धुराची चव नाही. बडगी घेतली म्हणजे सासूबाईंच्या हातचं भरीत होईल अशा भ्रमात राहू नका, निम्मं काम काड्यांचं आहे.

बाकी ठेचा सुंदर होतो, शेंगदाण्याची चटणीही, फक्त काठ उथळ आहे म्हणून मिरचीचा शितोडा डोळ्यात उडतो, एक हात आडवा धरायचा. लसणाचा वास लाकडातून पूर्ण जात नाही, त्यामुळे हिच्यात गोडाचं काही करू नका. साबण लावायचा नाही, गरम पाणी आणि नारळाची शेंडी पुरते. दोन किलो ठेचलं की खांदा भरून येतो आणि संध्याकाळी गोधडीचा टाका वाकडा पडतो, माझ्या तिसऱ्या ओळीत बघितलं तर भरीत कोणत्या दिवशी केलं ते कळेल.

पाचपैकी साडेतीन. अर्धा चिरेचा कापला, तो निम्मा माझाच आहे, आणि एक त्या "धुवा आणि लागा वापरायला" बद्दल.

लेकाला फोटो पाठवला तर म्हणे आई मलाही एक पाठव. त्याला म्हटलं अकराव्या मजल्यावर सकाळी आठ वाजता धपाधप सुरू केलंस तर दहाव्या मजल्यावरचे भांडायला येतील, तू आपला दगडी खलबत्ता घे, खाली जाड टॉवेल घाल आणि दोनच वांग्यांचं कर. फ्लॅटवाल्यांना माझा हाच सल्ला. ज्यांना गच्ची किंवा अंगण आहे त्यांनी घ्यायची तर आत्ताच घ्या, कारण तेल पाजण्यात चार दिवस जातात आणि एकदा ऊन वाढलं की वांग्यात बी धरतं.