हल मार्किंगचे मास्क आणि हाइट गेज, सात महिने वापरून झाल्यावर

मी जहाजांची मॉडेल्स बनवतो. सात महिन्यांपूर्वी डिकॅलला (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) वैतागून आकड्यांच्या मास्कचे (रंग मारताना चिकटवायचे कापलेले साचे) दोन सेट घेतले, एक विनाइलचा आणि एक पिवळ्या वाशी कागदाचा (मास्किंग टेपचा पातळ जपानी कागद), आणि सोबत पेन्सिल अडकवायचा एक साधा हाइट गेज. तेव्हापासून तीन हल (जहाजाचं धड) रंगवून झालेत, १/३५० ची (खऱ्याच्या ३५० पट लहान) अमेरिकन डिस्ट्रॉयर फ्लेचर, १/३५० चीच जर्मन युद्धनौका बिस्मार्क आणि १/७०० ची एक छोटी डिस्ट्रॉयर जिच्याबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही.

आधी गेजबद्दल, कारण पैसे वसूल झाले ते तिथेच. आहे काय तर खाली जड बूड, वर उभा रॉड आणि त्यावर वरखाली होणारी पेन्सिल, बस. हल टेबलावर एकदा लेव्हलमध्ये बसवला, पुढून-मागून उंची मोजून खात्री केली, की पेन्सिल एकाच उंचीवर धरून चहूबाजूंनी फिरवायची आणि वॉटरलाइन (जहाज पाण्यात जिथपर्यंत बुडतं ती रेष) तयार. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मी इतकी वर्षं काय करत होतो तर वॉटरलाइनवर एकाच रुंदीची टेप गोल फिरवून बूट टॉपिंगचा काळा पट्टा काढायचो, आणि पुढे मस्त दिसणारा पट्टा स्टर्नला (मागच्या टोकाला) जाऊन बारीक का होतो हेच कळायचं नाही. गंमत अशी आहे की स्टर्नखाली हल आत वळतो, तिथला पृष्ठभाग तिरका असतो, त्यामुळे टेप तेवढीच रुंद असली तरी बाजूने बघितल्यावर तिची उंची कमी भरते. खऱ्या जहाजावर पट्टा उंचीने मोजलेला असतो, म्हणून तिरक्या भागावर तो प्रत्यक्षात जास्त रुंद रंगवावा लागतो. आता मी गेजने दोन रेषा मारतो, एक पट्ट्याच्या खालच्या कडेची आणि एक वरच्या, आणि टेपची कड त्या त्या रेषेला लावतो. पहिल्यांदा केलं तेव्हा स्टर्नला दोन रेषांमधलं अंतर बघून वाटलं पेन्सिल घसरली की काय, पुन्हा मारली, पुन्हा तेच! रंगवून टेबलाच्या पातळीला डोळा आणून बघितलं तर पट्टा अगदी एकसारखा.

आकड्यांचंही तसंच. फ्लेचरचा नंबर ४४५, तो बोला (पुढच्या टोकाला) लावताना मी डेकच्या कडेला समांतर लावला कारण मास्क धरायला तीच कड जवळ होती. डेक पुढे चढत जातो हे माहीत असूनही केलं हे, त्याला काय म्हणायचं. नंबर डोंगर चढायला निघाल्यासारखा दिसत होता. पुसून परत केला, यावेळी गेजने फिकट रेष मारून आकड्यांचा पाया त्यावर टेकवला. अमेरिकन मेझर २२ (युद्धातली एक रंगयोजना) रंगवणाऱ्यांनी पण हे लक्षात ठेवा, खालचा नेव्ही ब्लू मेन डेकच्या सगळ्यात खालच्या बिंदूपर्यंतच जातो आणि तिथून आडवा सरळ चालतो, डेकसोबत वर चढत नाही, म्हणून बोपाशी वर करड्याची पाचर उरते.

आता मास्क. विनाइलची कड धारदार येते, सपाट बाजूवर नंबर एक, आणि जपून काढला तर एकच मास्क दोन-तीन वेळा चालतो. पण वळणावर ते रात्रभरात उचकटतं, त्याला परत सपाट व्हायचं असतं. बिस्मार्कच्या बोवर लावलेली विनाइलची पट्टी सकाळी टोकाशी उभी राहिलेली, नशीब रंग मारला नव्हता. वाशी कागद वळणावर छान बसतो, फक्त तो एकदाच वापरायचा आणि त्याच्या कडेतून रंग झिरपू शकतो. त्यावर इलाज जुनाच आहे, मास्क लावला की आधी हलचाच रंग कडेवर हलका मारायचा, जे काय झिरपायचंय ते त्याच रंगाचं झिरपू दे, मग पांढरा. पांढरा एका हातात कधीच झाकत नाही, मला चार पातळ हात लागले, आणि मास्क काढताना वर न खेचता मागे दुमडत दुमडत काढायचा, रंग पूर्ण कडक व्हायच्या आत.

सगळ्यात डोकं खाल्लं ते ४ च्या पोटातल्या त्रिकोणाने. ४४५ म्हणजे एका बाजूला दोन, दोन्ही बाजू मिळून चार, आणि प्रत्येक तुकडा खसखशीएवढा. ट्रान्सफर टेप (मास्क शीटवरून उचलून हलवर लावायची टेप) उचलताना एक गायब झाला, अर्धा तास टेबलाखाली शोधला आणि शेवटी माझ्याच कोपराला चिकटलेला सापडला. तेव्हापासून शीट उलटी करून आधी पोटातले तुकडे मोजतो, मग पुढचं.

एक राग मात्र आहे. विनाइलच्या सेटवर दुसऱ्या महायुद्धातल्या डिस्ट्रॉयरसाठी असं लिहिलेलं आणि आत मोठाले पांढरे आकडे आणि त्यांना काळी सावली. अहो तो युद्धानंतरचा थाट, युद्धात आकडे छोटे आणि बिनसावलीचे असायचे. विकणाऱ्याला लिहिलं, उत्तर नाही. शेवटी वाशीच्या सेटमधले छोटे आकडे वापरले. बिस्मार्कचंही असंच, आधी तारीख ठरवा मग मास्क उघडा, कारण ते काळे-पांढरे तिरके पट्टे बाल्टिकमधले, मे १९४१ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याशी थांबली तेव्हा ते करड्याने झाकले, म्हणजे ब्रिटिश युद्धनौका हूडशी लढाई दाखवायची असेल तर पट्टे नकोतच. मी बाल्टिकचीच केली, पट्टे रंगवायची हौस होती, दुसरं कारण नाही.

ड्राफ्ट मार्कसाठी (जहाज किती खोल बुडालंय ते दाखवणारे आकडे) मात्र मास्कच्या नादी लागू नका. फुटात मोजणाऱ्या जहाजांवर आकडा ६ इंच उंच असतो, त्याचा पाया त्या फुटाच्या खुणेवर आणि वर ६ इंच मोकळी जागा. १/३५० ला ६ इंच म्हणजे ०.४४ मिलिमीटर, १/७०० ला ०.२२. एवढ्याचा मास्क कापला तरी सोलणार कोण? तिथे मी गपचूप डिकॅलकडे परत गेलो, खाली ग्लॉस कोट देऊन, नाहीतर फिल्मखाली हवा राहून चंदेरी चमकतं. फक्त प्रत्येक पट्टी लावताना वॉटरलाइनवर कोणता आकडा यायला हवा ते आधी बघा, मी फ्लेचरच्या एका बाजूला पट्टी एक फूट वर चिकटवली आणि वाळल्यावर लक्षात आलं, म्हणजे एका बाजूने बघितलं की जहाज एक फूट कमी बुडालंय. ती बाजू सध्या भिंतीकडे आहे.