स्पॅनिशमधलं 'नवं करणं': दोन कोश, एक कॉर्पस आणि कोण कुठवर पुरतं

स्पॅनिशमध्ये पासपोर्ट, भाडेकरार, स्वयंपाकघर, पासवर्ड, अर्धवट राहिलेली बोलणी आणि फुटबॉलचा संघ हे सगळं 'नवं' करता येतं, पण क्रियापद दर वेळी बदलतं. इंग्रजीच्या आधाराने स्पॅनिश शिकणाऱ्यांची इथे हमखास गडबड होते. रिन्यू, रिनोव्हेट, रिझ्यूम, रिस्टोअर, रिफॉर्म या इंग्रजी क्रियापदांची चेहरेपट्टी स्पॅनिश क्रियापदांशी जुळते, कामाची वाटणी मात्र निराळी आहे. त्यामुळे कोश किती पाण्यात आहे हे पाहायला क्रियापदांचं हे कुटुंब फार उपयोगी. इथे तीन साधनं या कसोटीवर घासून पाहिली आहेत: वर्डरेफरन्सचा स्पॅनिश-इंग्रजी कोश, रेआल अकादेमिया एस्पान्योला या स्पेनच्या भाषा अकादमीचा एकभाषी कोश आणि त्याच अकादमीचा 'कोर्पेस' हा कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुरांचा शोधता येणारा संग्रह. तिन्ही इंटरनेटवर फुकट आहेत.

आधी वर्डरेफरन्स. 1999 मध्ये सुरू झालेली ही साइट आजही बहुतेकांचा पहिला थांबा आहे, आणि ते रास्तच आहे. शोधपेटीत मूळ रूपच टाकलं पाहिजे अशी अट नाही. 'रेनुएवो' टाकलं तर हे 'रेनोवार'चं वर्तमानकाळी प्रथमपुरुषी एकवचनी रूप आहे, हे तो वरच सांगतो. नवशिक्याला याची फार गरज असते, कारण 'रेनोवार'मधला 'ओ' आघात पडला की 'उए' होतो: रेनुएवो, रेनुएवास, रेनुएवा, रेनुएवान. 'आम्ही' आणि स्पेनमधल्या 'तुम्ही'च्या रूपांत तो बदलत नाही: रेनोवामोस, रेनोवाइस. संशयार्थातही (इंग्रजीत सब्जंक्टिव्ह) तीच तऱ्हा, रेनुएवे पण रेनोवेमोस. 'रेनोवो' असं रूप वर्तमानकाळात नाहीच, तरी शिकाऊ मंडळींच्या लिखाणात ते सतत दिसतं. टाइप करताना अक्षर व्ही आहे हे लक्षात ठेवावं. स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही यांचा उच्चार एकच असल्यामुळे कानावर विसंबलं तर स्पेलिंग चुकतं.

वर्डरेफरन्सच्या तक्त्यात प्रत्येक अर्थापुढे कंसात छोटा खुलासा असतो आणि खाली दोन्ही भाषांतली उदाहरणं. बरेच जण घाईत फक्त उजवीकडचा इंग्रजी शब्द उचलतात आणि घोळ तिथेच होतो. 'रेनोवार'चं खरं दुखणं असं की त्यात दोन जवळजवळ उलट अर्थ नांदतात. एक, आहे तेच पुढे चालू ठेवणं. दोन, जुनं काढून त्या जागी त्याच प्रकारचं नवं आणणं. इंग्रजी रिन्यू पहिल्या अर्थाला चपखल बसतं, दुसऱ्याला नाही.

फुटबॉलच्या बातम्यांत हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. क्लब एखाद्या खेळाडूला 'रेनोवार' करतो म्हणजे त्याचा करार वाढवतो, खेळाडू राहतो. तोच क्लब 'ला प्लान्तिया', म्हणजे अख्खा चमू, 'रेनोवार' करायला निघाला की जुने खेळाडू जातात आणि नवे येतात. इंग्रजीत पहिल्यासाठी एक्स्टेंड आणि दुसऱ्यासाठी ओव्हरहॉल लागतं. बातमीत कर्ता खेळाडू असेल तर कर्म गाळलेलंच असतं: अमक्याने दोन हंगामांसाठी 'रेनुएवा' केलं, म्हणजे नवा करार सही केला.

राजकारणातही तेच. स्पेनच्या न्यायमंडळाची, म्हणजे कोन्सेहो हेनेराल देल पोदेर हुदिसिआलची, मुदत डिसेंबर 2018 मध्ये संपली आणि नवे सदस्य नेमण्याबद्दल मोठ्या पक्षांचा समझोता व्हायला जून 2024 उजाडला. ही सगळी वर्षं वर्तमानपत्रांत 'रेनोवासिओन' हा शब्द गाजत होता आणि त्याचा अर्थ होता जुने सदस्य जाऊन नवे येणं. इंग्रजीत त्याला नुसतं रिन्यूअल म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल की त्याच सदस्यांना मुदतवाढ मिळणार आहे. उलट शांतिसेनेचं 'मान्दातो' रेनोवार केलं म्हणजे तेच आदेशपत्र पुढे चालू. व्यवहारात उपयोगी पडणारा ठोकताळा असा: कर्म हा कागद, करार किंवा परवाना असेल तर अर्थ 'चालू ठेवणं'. कर्म म्हणजे अनेक घटकांचा संच असेल, चमू, मंडळ, बसगाड्यांचा ताफा, कपाटातले कपडे, तर अर्थ 'बदलून टाकणं'.

वर्डरेफरन्स हे दोन्ही अर्थ देतो, पण असा ठोकताळा देत नाही. द्विभाषी कोशाने तो द्यावा अशी अपेक्षाही नाही. तक्त्याच्या खाली जोडलेल्या जुन्या चर्चांच्या शीर्षकांत मात्र पुष्कळदा नेमका हवा तो शब्दप्रयोग सापडतो. तिथे मूळ भाषिक उत्तरं देतात आणि प्रदेशही सांगतात. तक्ता पाहून समाधान झालं नाही तर तिथवर खाली जाण्याचा कंटाळा करू नये.

दुसरा कोश अकादमीचा. त्याची 23वी आवृत्ती 2014 मध्ये निघाली आणि नंतर इंटरनेटवर तिच्यात भर पडत गेली. 2023 पासून समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दही नोंदीतच मिळतात. 'रेनोवार'च्या नोंदीत जुन्याच्या जागी त्याच जातीचं नवं आणण्याचा अर्थ स्वतंत्र क्रमांकाने दिला आहे. वर सांगितलेली गाठ इथे आपोआप सुटते. 'कोन्तार' (मोजणं) या क्रियापदासारखं चालतं, एवढ्या एका खुणेत सगळी अनियमित रूपं बसवली आहेत. क्रियापद सकर्मक की अकर्मक, 'से' हे आत्मवाचक सर्वनाम लागून चालतं का, हे संक्षेपाने दिलेलं असतं. हे संक्षेप एकदा बसून शिकून घ्यावेत. 'करार आपोआप नूतन होतो' हे स्पॅनिशमध्ये 'से रेनुएवा' असं लागतं, 'से' गाळला तर वाक्य लंगडं होतं. 'रेनोवार्से ओ मोरीर' या प्रसिद्ध म्हणीतही तोच 'से' आहे. इंग्रजीत तिथे रिन्यू चालत नाही, अडॅप्ट ऑर डाय म्हणतात.

या कोशाची एक अडचण नवशिक्याला नक्की छळेल. 'रेआनुदार' पाहायला जावं तर व्याख्येत 'रेनोवार' भेटतं, आणि 'रेनोवार'च्या एका अर्थात पुन्हा 'रेआनुदार'. दोन्ही माहीत नसतील तर माणूस गोल फिरत राहतो. 'रेआनुदार' म्हणजे तुटलेलं पुन्हा जोडून पुढे नेणं. 'नुदो' म्हणजे गाठ, तीच शब्दाच्या पोटात आहे. थांबलेली बोलणी, शाळा, रेल्वेसेवा यांना हेच क्रियापद लागतं आणि इंग्रजीत त्याला रिझ्यूम. इथला सापळा मोठा आहे, कारण रिझ्यूमसारखं दिसणारं 'रेसुमीर' म्हणजे सारांश सांगणं. 'सभा पुन्हा सुरू करू' असं लिहायचं असताना 'सभेचा सारांश देऊ' असं लिहून जाण्याची चूक इथूनच होते.

घरबांधणीच्या शब्दांत अकादमीचा कोश तोकडा पडतो. स्पेनमध्ये स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर नवं करायला 'रेफोर्मार' म्हणतात. दुकानाच्या दारावर 'सेर्रादो पोर रेफोर्मास' अशी पाटी दिसली तर आत गवंडी काम करताहेत असं समजावं. कोश मात्र हे 'सुधारण्याच्या हेतूने बदल करणं' अशा ढोबळ अर्थात गुंडाळतो आणि राज्यघटनेची दुरुस्तीही त्यातच येते. इंग्रजी रिफॉर्म घराला कधीच लागत नाही, तिथे रिनोव्हेट किंवा रिमॉडेल. लॅटिन अमेरिकेत 'रेमोदेलार' जास्त ऐकू येतं आणि इमारतीच्या डागडुजीला 'रेफाक्सिओनार'. या शेवटच्या शब्दापुढे अमेरिकेतला वापर अशी खूण कोशात आहे, ती चांगली सोय. जुन्या इमारतीचा सांगाडा ठेवून ती राहण्याजोगी करणं म्हणजे 'रेआबिलितार', यात एच लिहायचा आणि उच्चारायचा नाही. चित्र, मूर्ती किंवा स्मारक मूळ रूपात आणणं म्हणजे 'रेस्ताउरार'. पण 'रेस्ताउरासिओन' हा शब्द दिसला म्हणून लगेच जीर्णोद्धार समजू नये. नोकरीच्या जाहिरातीत तो खाणावळ-उपाहारगृहाच्या व्यवसायासाठी येतो आणि इतिहासाच्या पुस्तकात मोठ्या अक्षराने लिहिलेला असेल तर 1874 नंतर परत आलेल्या राजेशाहीसाठी.

करारपत्रं वाचणाऱ्यांनी 'रेनोवार' आणि 'प्रोर्रोगार' यांची गल्लत करू नये. 'प्रोर्रोगा' म्हणजे मुदतवाढ: करार तोच, तारीख पुढे. 'रेनोवासिओन'मध्ये नव्या अटींचा नवा करार होऊ शकतो. स्पेनच्या 1994 च्या शहरी भाडे कायद्यात राहत्या घराचा करार पाच वर्षांपेक्षा कमी मुदतीचा असेल तर पाच वर्षांपर्यंत तो वर्षावर्षाने सक्तीने वाढतो (घरमालक कंपनी असेल तर सात वर्षांपर्यंत), आणि कायद्याने तिथे 'प्रोर्रोगार' हेच क्रियापद वापरलं आहे. तिसरा प्रकार 'तासिता रेकोन्दुक्सिओन': नागरी संहितेच्या 1566व्या कलमानुसार मुदत संपल्यावर मालकाच्या संमतीने भाडेकरू पंधरा दिवस तसाच राहिला तर भाडेपट्टा नव्याने सुरू झाला असं मानतात. इंग्रजीत टॅसिट रिन्यूअल. या शब्दासाठी वर्डरेफरन्सच्या एका ओळीवर भागवू नये, कलमच वाचावं. 'प्रोर्रोगार'ची रूपं लिहिताना जी नंतर ई आला की मध्ये यू घालायचा, आणि नाम 'प्रोर्रोगा' लिहिताना पहिल्या ओवर आघातचिन्ह द्यायचं. ते गाळलं तर नाम न राहता क्रियापद होतं.

संगणकाच्या पडद्यावरचे शब्द दोन्ही कोशांत नीट सापडतात, म्हणून थोडक्यात: अपडेटला 'आक्तुआलिसार', रीस्टार्टला 'रेइनिसिआर', पासवर्ड रीसेटला 'रेस्ताब्लेसेर', बॅकअप परत आणायला 'रेस्ताउरार'.

'रेपोनेर'वर मात्र थोडं थांबायला हवं. दुकानातला माल पुन्हा भरणं आणि खर्ची पडलेलं परत आणणं हे त्याचे अर्थ, 'रेपोनेर्से' म्हणजे आजारातून सावरणं आणि 'रेपुएस्तो' म्हणजे सुटा भाग. पण कादंबरीत संवादानंतर 'रेपुसो' आलं तर त्याचा अर्थ 'तो उत्तरला'. रीस्टॉक हा अर्थ धरून बसलेला वाचक इथे अडखळतो. इथे दोन्ही कोश उघडून पाहावेत.

तिसरं साधन कोर्पेस. यात 2001 पासूनचे मजकूर आहेत आणि त्यांतला सुमारे 70 टक्के लॅटिन अमेरिकेतला, 30 टक्के स्पेनमधला असं प्रमाण ठरवलेलं आहे. लिहिणाऱ्याला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. मूळ रूपाच्या पेटीत 'रेनोवार' टाकावं, शब्दजात क्रियापद निवडावी आणि आधी स्पेन, मग मेक्सिको किंवा अर्जेंटिना असा देश निवडून तोच शोध पुन्हा घ्यावा. शेजारी येणारी नामं डोळ्यांखालून घातली की कोणत्या देशात कशाला काय 'लागतं' हे कळतं. पडदा मात्र किचकट आहे. मूळ रूपाऐवजी नेमक्या रूपाच्या पेटीत शब्द टाकला तर फक्त तेवढंच रूप सापडतं आणि शब्द दुर्मीळ असल्याचा गैरसमज होतो. 'रेनुएवो' शोधताना आणखी एक खबरदारी घ्यावी. छाटलेल्या झाडाला फुटलेला नवा धुमारा यालाही हेच नाम आहे. शब्दजात निवडली नाही तर बागकामाचे मजकूर आणि पासपोर्टचे अर्ज एकाच यादीत येतात.

वाचनापुरतं स्पॅनिश हवं असेल तर वर्डरेफरन्स पुरे, पण कंसातला खुलासा वाचायचा. स्पॅनिशमध्ये लिहायचं असेल तर त्याच्यापुढे अकादमीचा कोश, आणि घर किंवा सुटे भाग असा विषय असेल तर कोर्पेस चुकवू नये. इंग्रजीकडून उलट शोध घेताना रिन्यूसाठी येणाऱ्या यादीतला पहिला शब्द उचलण्याआधी तो पुन्हा स्पॅनिशकडून इंग्रजीत शोधून बघावा. आपण नवं करतोय ती वस्तू उदाहरणांत दिसली नाही तर तो शब्द सोडून यादीतला पुढचा पाहावा.